माळ्यावरचा व्हॉल्व्हचा रेडिओ पुन्हा बोलता करताना

माळ्यावरून जुना रेडिओ खाली उतरला की धूळ पुसून व्हायच्या आत घरातलं कोणीतरी म्हणतंच, "लावून तर बघ, वाजतोय का!" इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या आत्याकडचा रेडिओ दिवाळीच्या साफसफाईत निघाला, तेव्हाही तेच झालं. प्लग तिच्या हातात, बटणही जवळच. मी प्लग काढून घेतला. म्हटलं, "आत्या, चाळीस वर्षं गप्प बसलाय, अजून पंधरा दिवस बसू दे."

हे रेडिओ माळ्यावर पडून क्वचितच मरतात. मालव्याच्या कोरड्या हवेत तर ते चांगले टिकतात. कोकणातून आलेल्या सेटमध्ये तांब्याच्या तारांवर जो हिरवा गंज दिसतो, तो आपल्याकडे कमी. ते मरतात ते इतक्या वर्षांनी पहिल्यांदा वीज दिल्यावर, पहिल्या दहा-वीस मिनिटांत. माझ्या हातून एक असाच गेला आहे. कॉलेजात असताना मिळालेला सेट मी थेट लावला. तो लागला, गाणं ऐकू आलं, घरातले सगळे भोवती जमले. पंधरा-वीस मिनिटांनी आवाज फाटायला लागला, मग मेण जळल्याचा वास, मग शांतता. स्पीकरला सिग्नल पोचवणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळाला होता आणि शेवटचा व्हॉल्व्हही, म्हणजे आवाज मोठा करणारी काचेची नळी, संपला होता. कारण होतं दहा-पंधरा रुपयांचा एक कंडेन्सर.

तो कंडेन्सर नेमकं काय करतो ते समजलं, की निम्मी दुरुस्ती समजली. पहिल्या ऑडिओ व्हॉल्व्हच्या प्लेटवर (प्लेट, ग्रिड आणि कॅथोड हे व्हॉल्व्हच्या आतले धातूचे भाग) साधारण १०० व्होल्ट डीसी असतं. तिथला आवाजाचा सिग्नल शेवटच्या पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडवर जायला हवा, पण डीसी जाता कामा नये. ही अडवणूक करणारा तो कपलिंग कंडेन्सर. जुन्या सेटमध्ये तो कागद आणि मेणाचा असतो, आणि वर्षानुवर्षांत कागद ओल धरून झिरपायला लागतो. समजा, त्याचा अडथळा ५० मेगओहमवर आला. ग्रिडचा रेझिस्टन्स १ मेगओहमचा असेल, तर ग्रिडवर जवळपास २ व्होल्ट येतात. दोन व्होल्ट ऐकायला काहीच नाहीत, पण ज्या व्हॉल्व्हची ग्रिड कॅथोडपेक्षा सात व्होल्ट खाली राहायला हवी, त्याला ते फार होतात. तो गरजेपेक्षा जास्त करंट ओढतो, तापतो, तापल्यावर आणखी ओढतो. हे सगळं आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या केसाएवढ्या तारेतून जातं.

आधी सेट ओळखा

मागचा पुठ्ठा काढा. त्यावर किंवा पेटीच्या आत बहुतेक वेळा व्हॉल्व्हच्या जागांचा नकाशा चिकटवलेला असतो. तो फाडू नका, फोटो काढून ठेवा. मग व्हॉल्व्हवरचे नंबर वाचा. काचेवरची ही अक्षरं कपड्याने पुसली तर कायमची जातात, म्हणून धूळ कोरड्या मऊ ब्रशनेच झटकायची.

नंबर 'ई' अक्षराने सुरू होत असतील, उदाहरणार्थ ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४, ईझेड ८०, तर फिलामेंट, म्हणजे आतली तापणारी तार, ६.३ व्होल्टचं आहे आणि सेटमध्ये बहुधा मेन्स ट्रान्सफॉर्मर आहे. नवशिक्याने असाच सेट हातात घ्यावा. नंबर 'यू'ने सुरू होत असतील, यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूबीसी ८१, यूएल ८४, यूवाय ८५ असे, तर तो एसी-डीसी सेट. पूर्वी काही शहरांत घरांना डीसी वीज मिळायची, दोन्हींवर चालावा म्हणून हा प्रकार निघाला. यात ट्रान्सफॉर्मरच नसतो. सगळ्या व्हॉल्व्हची फिलामेंटं माळेतल्या दिव्यांसारखी एकामागे एक जोडलेली असतात: १९, १९, १४, ४५ आणि ३८ व्होल्ट, बेरीज १३५. उरलेलं व्होल्टेज एक जाड रेझिस्टन्स खातो आणि भट्टीसारखा तापतो.

एसी-डीसी सेटची चासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की अख्ख्या धातूच्या सांगाड्यावर २३० व्होल्ट. नॉबच्या बारीक स्क्रूवर कंपनीने मेण भरलेलं दिसलं तर ते खरवडू नका, बोट लाइव्ह धातूला लागू नये म्हणून ते घातलेलं असतं. असा सेट उघडून काम करायचं असेल तर सेटला मेन्सपासून वेगळा ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच. तो नसेल तर हा सेट जाणकाराकडे द्या, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

तिसरा प्रकार बॅटरीचा, डीके ९६ वगैरे 'डी' मालिकेचा. वीज न पोचलेल्या खेड्यांत हे चालायचे. त्याची फिलामेंटं अवघ्या १.४ व्होल्टची, आणि प्लेटसाठी ९० व्होल्टची वेगळी बॅटरी. आज ९ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकामागे एक जोडून ते ९० व्होल्ट मिळतात. पण ती तार चुकून फिलामेंटला लागली तर चारही व्हॉल्व्ह एका क्षणात जातात. तेव्हा जोडण्या दोनदा तपासायच्या.

आत्याचा सेट 'ई' मालिकेचा, पाच व्हॉल्व्हचा निघाला.

सामान

एक डिजिटल मल्टिमीटर, २५ ते ४० वॉटचा सोल्डरिंग आयर्न, बारीक नाकाची पक्कड, कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि १० किलोओहम ५ वॉटचा एक रेझिस्टन्स, दोन्ही टोकांना मगरक्लिपा लावलेला. सेट बंद केल्यावर डीसी सपाट करणाऱ्या फिल्टर कंडेन्सरमध्ये २५०-३०० व्होल्ट साठून राहू शकतात. हा रेझिस्टन्स कंडेन्सरच्या दोन टोकांना काही सेकंद लावला की ते उतरतात. तरी मीटर लावून शून्य बघितल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडणारे पुष्कळ दिसतात, तसं करू नका.

याशिवाय लागतो सीरिज बल्ब. प्लग आणि सेट यांच्यामध्ये होल्डर टाकून त्यात ६० किंवा १०० वॉटचा तारेचा बल्ब बसवायचा. एलईडी चालत नाही. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण उजळतो आणि सेट वाचतो. सेट ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंदावतो. मात्र या बल्बमुळे शॉकपासून संरक्षण मिळत नाही, ते मिळतं असं समजणं धोक्याचं आहे.

कंडेन्सर, रेझिस्टन्स, वायर महाराणी रोडवर मिळून जातं. व्हॉल्व्ह मात्र दुकानात मागून मिळेलच असं नाही. जुन्या रेडिओ मिस्त्रींच्या डब्यांत, भंगारात, दुसऱ्या मेलेल्या सेटमध्ये शोधावे लागतात. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले व्हॉल्व्ह अजूनही हाती लागतात आणि चांगले चालतात.

चासी बाहेर काढणं

नॉब स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, बेकेलाइटचा टवका उडतो. नॉबमागून पायजम्याची नाडी घालून दोन्ही टोकं सरळ पुढे ओढा. स्क्रूवाला नॉब असेल तर स्क्रू सैल करूनच. स्पीकरच्या तारा कुठे होत्या, डायलचा दोरा कसा फिरला होता, याचे फोटो सगळ्या बाजूंनी काढा. दोऱ्याचा तर कागदावर हातानेही नकाशा काढा, कारण फोटोत मागची पुली दिसत नाही.

डायलची काच सगळ्यात नाजूक. स्टेशनांची नावं काचेच्या मागच्या बाजूला छापलेली असतात आणि तो रंग इतक्या वर्षांत काचेवर नुसता टेकून असतो. ओला कपडा लागला की 'सिलोन', 'दिल्ली' सगळं बोटावर येतं. माझ्या एका सेटची अर्धी डायल अशीच गेली, ती परत आणता येत नाही. पुढची बाजू ओलसर कपड्याने पुसा, मागची बाजू श्वाससुद्धा न लागू देता तशीच ठेवा.

व्हॉल्व्ह काढताना सरळ वर, किंचित हलवत. जुन्या मोठ्या, आठ पिनांच्या ऑक्टल व्हॉल्व्हमध्ये काच बुडापासून सुटलेली असते, तेव्हा पकड बुडाला. काचेच्या आत चंदेरी आरशासारखा डाग दिसतो, तो चांगला. तोच डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली, तो व्हॉल्व्ह गेला.

वीज न देता तपासणी

नऊ पिनांच्या 'ई' मालिकेत फिलामेंट पिन ४ आणि ५ वर. तिथे काही ओहम दिसले पाहिजेत. काहीच दिसलं नाही तर फिलामेंट तुटलं. मग सेटचं बटण चालू करून प्लगच्या दोन पिनांत बघा, ट्रान्सफॉर्मरच्या सेटमध्ये दोन आकडी ओहम येतात. शेवटच्या पॉवर व्हॉल्व्हच्या, म्हणजे ईएल ८४ च्या, पिन ७ पासून आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या टोकापर्यंत साधारण ३०० ते ६०० ओहम असावेत. इथे काहीच आलं नाही तर ट्रान्सफॉर्मर जळलेला आहे, आणि आधीच्या कोणीतरी 'लावून तर बघ' केलेलं आहे.

एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायर व्हॉल्व्हच्या, म्हणजे ईझेड ८० च्या, पिन ३ पासून चासीपर्यंत रेझिस्टन्स मोजा. आकडा हळूहळू चढत हजारोंच्या घरात गेला तर ठीक. एक-दोन किलोओहमच्या खालीच अडकला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पुढे जायचं नाही.

व्होल्टेज सिलेक्टर इथेच बघून घ्या. बहुतेक सेटच्या मागे ११०, १२७, २२०, २४५ असे आकडे फिरवायची चकती असते. आमच्याकडे रात्री मीटरवर २४० दिसतात. तेव्हा चकती २२० वर न ठेवता २४५ वर ठेवा, व्हॉल्व्हचं आयुष्य वाढतं. मेन्सची वायर कडक होऊन तडकलेली असतेच, ती नवीन घाला आणि फ्यूज द्या. ट्रान्सफॉर्मरच्या सेटला तीन तारांची वायर घालून चासीला अर्थिंग देता येतं. एसी-डीसी सेटच्या चासीला अर्थिंग कधीही द्यायचं नाही.

कंडेन्सर बदलणं

कागदी आणि मेणाचे सगळे कंडेन्सर बदला, मीटरवर 'चांगले' दिसले तरी. मीटर अगदी कमी व्होल्टवर मोजतं, सेटमध्ये त्यांना २५० सोसावे लागतात. त्यांच्या जागी तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, ६३० व्होल्टचे फिल्म कंडेन्सर. पहिला बदलायचा तो कपलिंगचा. मेन्सच्या दोन तारांमध्ये कंडेन्सर असेल तर तिथे एक्स-२ वर्गाचाच, मेन्सपासून चासीला जाणारा असेल तर वाय-२ वर्गाचाच घाला. साधा फिल्म कंडेन्सर तिथे आग लावू शकतो. अभ्रकाचे आणि सिरॅमिकचे बहुधा ठीक असतात, त्यांना हात लावू नका.

फिल्टरचे इलेक्ट्रोलायटिक आतून वाळलेले असतात. ३२ मायक्रोफॅरडच्या जागी ३३ किंवा ४७, व्होल्टेज ४५० चं. जास्त मोठा घातला की घूं कमी होईल म्हणून १०० घालणारे आहेत, पण ईझेड ८० च्या लगेच पुढच्या कंडेन्सरला ५० मायक्रोफॅरडची मर्यादा आहे. त्याहून मोठा चार्ज करताना रेक्टिफायर व्हॉल्व्हवर प्रत्येक वेळी घाव बसतो.

एक कंडेन्सर काढायचा, त्याच जागी नवा लावायचा, जोड तपासायचा, मग दुसरा. पाच एकदम कापून मग आठवत बसणं हे सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम. इलेक्ट्रोलायटिकचं धन-ऋण दोनदा बघा.

जुनं रूप राखायचं असेल तर जुन्या कंडेन्सरची कागदी नळी हेअर ड्रायरने कोमट करा. मेण नरम झालं की आतला गुंडाळा बोटाने ढकलून निघतो, जुन्या देवघरासारखा वास सुटतो. त्या रिकाम्या नळीत नवा छोटा कंडेन्सर बसवून तोंडं मेणाने बंद करायची. एका कंडेन्सरला वीस मिनिटं लागतात. मी फक्त घराण्यातल्या सेटसाठी हे करतो, आत्याच्या सेटला केलं.

कार्बनच्या रेझिस्टन्सचे ओहम वर्षांनी वर चढतात. रंगपट्टीपेक्षा २० टक्क्यांहून जास्त चढलेले बदलायचे, बाकी राहू द्यायचे.

पहिल्यांदा वीज

स्पीकर जोडलेला हवा, त्याशिवाय आउटपुट ट्रान्सफॉर्मर धोक्यात येतो. ईझेड ८० बाहेर ठेवून, सीरिज बल्बमधून वीज द्या. डायलचा दिवा आणि व्हॉल्व्हच्या आतला नारिंगी उजेड मंद दिसला पाहिजे, सीरिज बल्ब जेमतेम लालसर. पाच मिनिटं वास, धूर, आवाज काही नाही ना, बघा. बंद करा, ईझेड ८० लावा, पुन्हा चालू करा.

आता मीटरचा काळा तार चासीला क्लिपने लावून एक हात खिशात. लाल तार ईएल ८४ च्या पिन २ ला: शून्य हवं. थोडं जरी धन व्होल्टेज आलं, तर कपलिंग कंडेन्सर किंवा तो व्हॉल्व्हच खराब. हे ठीक असेल तरच सीरिज बल्ब काढून थेट मेन्सवर जा आणि पिन ३ मोजा, ५ ते ८ व्होल्टच्या आसपास असावेत. फिल्टरवर साधारण २५० व्होल्ट. पहिला अर्धा तास सेट सोडून खोलीबाहेर जाऊ नका.

आत्याच्या सेटमध्ये सगळे आकडे बरोबर आले, तरी आवाज नाही. अशा वेळी शेवटाकडून सुरुवात करायची. व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या पिनेला इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, स्पीकरमधून टक् झालं. म्हणजे ऑडिओ जिवंत, दोष त्याच्या आधीच्या भागात. शेवटी निघाला बँड स्विच: चांदीच्या पत्त्या काळ्या पडल्या होत्या. कापसाच्या काडीला क्लीनर लावून एकेक पत्ती पुसली, स्विच वीस वेळा फिरवला, आणि मीडियम वेव्हवर खरखर सुरू झाली. क्लीनरची फवारणी थेट स्विचवर करू नका, बेकेलाइटची चकती ते शोषते आणि मग गळती सुरू होते.

आयएफ, म्हणजे मधल्या फ्रिक्वेन्सीच्या, ट्रान्सफॉर्मरच्या डब्यांच्या स्क्रूंना मात्र कोणीही हात लावू नये. ते ४५५ किलोहर्ट्झच्या आसपास, काही सेटमध्ये ४६५ किंवा ४७० वर, कारखान्यात जुळवलेले असतात. आवाज बारीक आहे म्हणून ते फिरवले तर सिग्नल जनरेटरशिवाय परत जुळत नाहीत, आणि आतला कोर तुटला तर मुळीच नाही.

पेटी आणि दोरा

डायलचा दोरा तुटला असेल तर न ताणणारा, विणलेला दोरा घ्या. ट्यूनिंगच्या दांड्यावर दोन-तीन वेढे, शेवट स्प्रिंगला. शिवणाचा दोरा घसरतो. काटा दोऱ्यावर अजून चिकटवू नका, त्याची जागा नंतर ठरते.

स्पीकरच्या कागदाला चीर असेल तर टिश्यू पेपर आणि पाणी घातलेला फेव्हिकॉल पुरतो. लाकडी पेटीतून भुसा गळत असेल तर किड्याच्या भोकांत सिरिंजने औषध सोडा आणि आठवडाभर पेटी चासीपासून लांब ठेवा. पॉलिशसाठी स्पिरिटमध्ये विरघळवलेला लाखेचा चपडा, सुती कपड्याच्या बोळ्याने, पातळ थरांत. मेलामाइनची चमक या पेट्यांना परकी दिसते. बेकेलाइटला साबणाच्या पाण्याचा ओलसर कपडा आणि मग थोडं ब्रासो.

काटा कुठे लावायचा

जुन्या डायलवर किलोहर्ट्झ नसून मीटर असतात. ३,००,००० ला किलोहर्ट्झने भागलं की मीटर मिळतात. आकाशवाणी इंदूर, आपलं मालवा हाऊस, १९५५ साली सुरू झालं, त्याचं ६४८ किलोहर्ट्झ. भागाकार ४६३ मीटर. ओळखीचं स्टेशन लावायचं, काटा त्याच्या मीटरवर ठेवायचा आणि मगच डिंकाच्या थेंबाने दोऱ्यावर पक्का करायचा.

एरियलसाठी गच्चीपर्यंत नेलेली १५-२० फूट साधी वायर चालते. खरखर फार असेल तर घरातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर एकेक बंद करून बघा. आत्याच्या घरी दोष निघाला देवघरातल्या एलईडी माळेचा. मध्यम लहरींची बरीच प्रक्षेपणं गेल्या काही वर्षांत बंद झाली, तेव्हा दिवसा फार काही लागलं नाही तर सेटला दोष देऊ नका, रात्री दूरची स्टेशनं येतात.

ट्रान्सफॉर्मरच्या सेटच्या मागे ग्रामोफोनसाठी 'पिकअप'ची दोन भोकं असतात. फोनच्या डाव्या-उजव्या तारा प्रत्येकी १ किलोओहमच्या रेझिस्टन्समधून एकत्र करून तिथे जोडल्या की फोनमधलं गाणं त्या स्पीकरमधून येतं. एसी-डीसी सेटला हे कधीही करू नका, फोनसकट हातात मेन्स येईल. आत्याकडे आता सकाळी असंच वाजतं. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर सेट चालू ठेवायचा, आतली ओल निघून जाते, एवढं तिला सांगून ठेवलं आहे. ती दर गुरुवारी लावते.